धुतलेला कोयता

ही गोष्ट कुणालाही खरी वाटायची नाही, हे मी दीपकला आधीच बजावून ठेवलं. पालीहून टेम्पो घेऊन आलेला परका माणूस, त्याला उगाच फसवायला नको.

"बघ बाबा," म्हटलं, "एका कोंबड्यानं अठरा बाप्यांना तीन दिवस काजूच्या झाडांखाली उकिडवं बसवलं. खोटं वाटत असेल तर आत्ताच बोल, म्हणजे मी तोंड मिटतो."

"सांगा हो आप्पा," तो म्हणाला. "नायतरी काळोख पडल्याशिवाय माझी सुटका नाय."

तेवढं मात्र खरं होतं. तो आला होता माझ्या सुनेच्या, राजश्रीच्या, बासष्ट कोंबड्या न्यायला, आणि आला होता दुपारी तीन वाजता. जन्म गेला कोंबड्यांच्या टोपल्या वाहण्यात, पण गावठी कोंबडी दिवसाउजेडी कुणाच्या बापाला सापडत नाही एवढं ह्याला कळू नये. ती गवताच्या उडवीखाली असते, उकिरड्यावर असते, शेजाऱ्याच्या माजघरात असते. दिवस बुडायला लागला की आपल्या पायांनी खुराड्यात शिरते. तेव्हा दार लोटायचं आणि एकेकीला तंगडीला धरून बाहेर काढायचं. तोवर बसा.

म्हणून दीपक ओटीवर बसला होता. त्याच्या बाजूला रावजी गुरव. रावजी म्हणजे देवाचाही माणूस आणि गावकीचाही. वाडीनं ठरवल्याप्रमाणं कोंबड्या खरंच गाडीत चढतात का, ते डोळ्यांनी बघायला आलेला. मे सरत आला होता. अंगातून पाणी सुटत होतं आणि आभाळातून सुटत नव्हतं. मागीलदारी राजश्री टोपल्यांच्या तोंडाला जाळी बांधत होती. सुतळी ओढल्याचा आवाज तेवढा येत होता, करकर, करकर. तिचा स्वतःचा आवाज सकाळपासून कुणी ऐकला नव्हता.

"तर झालं असं," मी सुरू केलं.

आमच्या वाडीचं नाव तळेवाडी. तळं कुठं आहे ते विचारू नये, आम्हीही विचारत नाही. वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, खाली दरी, आणि मे महिन्यात एका झऱ्याला करंगळीएवढी धार. एक हंडा भरायला वीस मिनिटं. बायका पहाटेच्या आधीपासून कळश्यांची रांग लावतात आणि त्या रांगेत जी भांडणं होतात ती ऐकून कोल्हे गाव सोडून गेले.

नेमकं ह्याच दिवसांत, पेरणीच्या आधी, आम्ही राखणदाराला कोंबडा देतो, त्यालाच राखण म्हणतात. सड्यावर ऐनाच्या झाडाखाली त्याचा दगड आहे. रीत अशी की बायांनी तिथं यायचं नाही. कोंबडा तिथंच कापायचा, तिथंच शिजवायचा, तिथंच संपवायचा. रश्श्याचं बोटसुद्धा वाडीत आणायचं नाही. वर्षातून एकदाच आम्ही बाप्ये स्वयंपाक करतो, आणि तो देवाच्या नावानं असल्यामुळं त्याला कुणी नावं ठेवत नाही.

यंदाचा कोंबडा राजश्रीचा. पिलापासून तिनं वाढवलेला, तुरा लाल, छाती ढोलासारखी. आरवला की पालीच्या स्टँडवरचा कंट्रोलर दचकून गाडी सोडायचा.

"साडेचार किलोमीटरवर?" दीपक म्हणाला.

"वाऱ्यावर असतं ते."

"म्हणजे गाडी वेळेआधी सुटायची?"

"वेळेवर सुटायची. म्हणून तर लोकांना नवल."

रावजी हसला नाही. तो माझ्या गोष्टींना तीस वर्षं हसलेला नाही.

सकाळी नऊला आम्ही एकोणीस जण निघालो. भाकऱ्यांचं बोचकं होतं, राजश्रीनं भाजलेल्या. टोप होता, पाच नारळ होते, मसाला होता. रावजीच्या जावयानं पूर्णगडहून आणलेली दोन कलिंगडं पोत्यात होती. पाण्याचा वीस लिटरचा कॅन विठूच्या खांद्यावर. तो कॅन राजश्रीनं पहाटे झऱ्यावर उभं राहून भरलेला. आणि कोयता माझ्याकडं. राखणीचा कोयता वीस वर्षं माझ्याकडंच असतो. मूठ खैराची, माझ्या हाताला बसलेली. धार अशी की माशी बसली तर दोन माश्या उडाव्यात.

सड्यावर पोचलो तेव्हा दगड तापले होते. चपलेतून चटका लागत होता. विठूनं कॅन कडेला ठेवला, सपाट कातळ बघून, आणि कोंबड्याच्या पायाची सुतळी मोकळी केली, देवापुढं त्याला मोकळा धरायचा म्हणून. आणि तो सुटला.

आता हे ऐक. एकोणीस माणसं आणि एक कोंबडा. अख्ख्या सड्यावर आमची बैलगाड्यांची शर्यत. रावजी दोनदा पडला. कोंबडा शेवटी उडाला तो थेट कॅनवर जाऊन बसला. विठूनं झेप घातली. कोंबडा बाजूला झाला आणि विठू कॅनवर. कॅन जो सुटला तो डबाडबा आवाज करत दरीत. मध्ये एका कातळावर आपटला, पाण्याचा फवारा उडाला आणि त्या उन्हात इंद्रधनुष्य पडलं. आम्ही कडेला उभे राहून बघत राहिलो. एक माणूस टाळ्या वाजवणार होता.

दीपकनं रावजीकडं बघितलं. "खरं?"

"धनुष्य बघितला नाय मी," रावजी म्हणाला. "कॅन गेला ते खरं हाय. अजून करवंदीच्या जाळीत पडलाय फुटून. थेंब नाय राहिला."

मागीलदारची करकर थांबली. मग परत सुरू झाली.

कोंबडा मग सापडला, देवापुढं मी कापला, पण पाणी संपलं. आता कोंबडा शिजवायचा कशात? खाली झऱ्यावर जाऊन यायला दीड तास. आणि जायचं म्हणजे त्या बायकांच्या रांगेत उभं राहायचं, 'पाणी सांडलं, थोडं द्या' म्हणायचं. एकोणीस तोंडांनी एकमेकांकडं बघितलं. कुणाची छाती झाली नाही. तिथंच ठरलं, कॅन सांडल्याचं वाडीत बोलायचं नाही, वर विसरला म्हणून सांगायचं. बायकांनी सोलून काढलं असतं. मग मीच अक्कल काढली. पाच नारळ फोडले, पाचांचं पाणी टोपात ओतलं आणि कोंबडा त्यातच चढवला. पिसं काय, जाळावर होरपळून काढली.

"नारळाच्या पाण्यात कोंबडा?" दीपक म्हणाला. "गोड लागला असंल."

"गोड लागला. पण शिजला कसा विचार. दोन तास रटरटला. हाड उचललं की मांस खाली गळून पडत होतं. एवढ्या मरणाचा शिजवलेला कोंबडा तू जन्मात खाल्ला नसशील."

हे दोन तास काढायचे कसे? जीभ टाळ्याला चिकटलेली. जाळाजवळ बसवेना, सावली एका ऐनाची आणि माणसं एकोणीस. तेव्हा कलिंगडांची आठवण झाली. मी दोन्ही कापली. लाल गुंज, काळ्या बिया. ऐनाची मोठी पानं पसरली होतीच, कोंबडा तोडायला पसरलेली. त्यावर फोडी मांडल्या. माणसं अशी तुटून पडली की काही जणांनी सालीसकट खाल्लं. पोट भरेपर्यंत खाल्लं, मग थोडी उरली, ती उन्हात तशीच, आणि जेवण झाल्यावर परत खाल्ली.

एकट्या विठूनं तोंडाला लावलं नाही. त्याला साखर आहे. डॉक्टरनं सांगितलंय, गोड खाल्लंस तर पाय जाईल. तो बिचारा फोडींकडं पाठ करून बसला आणि त्याचा सगळा राग त्यानं कोंबड्यावर काढला. आम्ही दोन दोन तुकडे खाल्ले, ह्यानं सात.

निघताना एक फोड मी पानात गुंडाळून कनवटीला लावली. आरोहीसाठी. माझी नात, पाच वर्षांची. कोंबडा देवाचा होता, तो वाडीत आणायचा नव्हता. कलिंगड काय, जावयाचं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना पहिला आवाज आला तो रावजीच्या घरातून.

"माझं नाव घ्यायचं कारण नाय," रावजी म्हणाला.

नाव नाही घेत. पण कुणीतरी धावला. त्याच्या मागून त्याच्या शेजारचा. मग मी. आता, संडास आमच्याकडं घरोघरी आहेत, टाईल लावलेले. पाणी नाही. मे महिन्यात ते संडास कुलूप लावून ठेवतो, पाहुण्यांसाठी राखल्यासारखे. म्हणून सगळे काजूच्या बागेत. सकाळी साडेसातला त्या बागेत अशी गर्दी की एका झाडाआड दोघं, आणि दोघंही गावकीतले, एकमेकांशी दोन वर्षं न बोलणारे. तिथं बोलले.

हसण्याचं नव्हतं पण. पोटात कुणीतरी ओलं फडकं पिळावं तसं पिळायचं. अंग तापानं भाजत होतं आणि दात वाजत होते. उठून उभं राहावं तर डोळ्यांपुढं काळं. धोतर सोडायला वेळ मिळेना म्हणून माणसं पंचा लावून फिरत होती. तीन तीन पंचे धुवायला लागले आणि पाणी कुठलं? बायकांनी झऱ्यावरून एकेक हंडा आणायचा आणि आम्ही तो असा घालवायचा. माझी सून पंचा काठीनं उचलायची आणि बादलीत टाकायची. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

विठू एकटा ठणठणीत. खांद्यावर कळशी घेऊन फिरत होता, ह्याला लिंबूपाणी दे, त्याला मीठसाखर दे. त्याच्याकडं बघवत नव्हतं.

दुपारी आरोहीलाही तेच लागलं.

पोर सकाळपासून कोपऱ्यात गप पडून होती. उलटी झाली, मग दुसरी, मग ती रडायचीही थांबली. डोळे आत गेले. ओठ पांढरे. राजश्रीनं तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. त्याबरोबर तिनं पोरीला खांद्यावर टाकलं आणि निघाली. उन्हात, डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर. मी मागून निघालो, आणि दोनदा मला करवंदीच्या आड बसावं लागलं. रिक्षा मिळेस्तोवर ती पुढं गेली होती. रत्नागिरीला तीन दिवस पोर सलाईनवर. तिच्या हाताला सुई लागेना, पाच ठिकाणी टोचली.

 मी तिथं कोंबड्याची छाती आणखी मोठी केली नाही.

मग सुरू झाली चौकशी. पहिला मान भिंतीवरच्या पालीचा. कुणीही आजारी पडू द्या, आमच्याकडं आधी पाल पडते. राजश्रीच्या पिठात पाल पडली असणार. एकानं ती बघितली सुद्धा. दुसऱ्यानं शेपूट बघितलं. राजश्री दवाखान्यात पोरीच्या उशाशी बसलेली आणि इकडं तिच्या पिठाच्या डब्यात माणसं हात घालून पाल शोधतायत. पण त्याच पिठाची भाकरी विठूनं चार खाल्ल्या होत्या. मग पाल सुटली.

मग रावजीनं कौल लावला. राखणदार म्हणाला, कोंबडा सोवळा नव्हता.

"म्हणाला तसं," रावजी म्हणाला. "मी माझ्या पदरचं नाय घातलं."

"मग त्यानं विठूला कसं सोडलं?" दीपकनं विचारलं.

"विठूवर त्याची मर्जी हाय."

"सात तुकडे खाल्ले त्यानं."

"मर्जी असल्यावर खातो माणूस."

पुढं रत्नागिरीहून माणसांच्या तपासणीचा कागद आला. पोटात जंतू, नाव साल्मोनेला. मला वाटलं कुणी गोव्याकडची बाई आहे. मग जनावरांच्या डॉक्टर आल्या, वेदिका मॅडम. तरुण पोरगी, पायांना प्लास्टिकच्या पिशव्या, हातात मोजे. खुराड्यात वाकून शिरली आणि कापसाच्या काड्या फिरवून बाटल्यांत भरल्या. कोंबड्या तिच्या डोक्यावर बसल्या. वाडी सगळी कुंपणाबाहेर उभी, नाकाला पदर लावून. महिनाभर आधी ह्याच बाया राजश्रीकडून बाळंतिणीसाठी अंडी न्यायच्या, ती ऊन असतानाच.

बारा दिवसांनी मॅडम परत आल्या. दहा कोंबड्या तपासल्या, तीन जणींच्या विष्ठेत तोच जंतू.

"बघा," रावजी तेव्हा म्हणाला होता. "सोवळा नव्हता."

मॅडमनी त्याला हातानं थांबवलं. "काका, असा जंतू कुणाच्याही कोंबडीत निघू शकतो. तुमच्यासुद्धा. बदकात असतो, पालीत असतो, गुराच्या शेणात असतो. कोंबडीला काही होत नाही, ती चांगली खाते पिते. आणि शिजवलं की तो मरतो. कोंबडा नीट शिजला होता का?"

एकोणीस माणसांनी शपथेवर सांगितलं, शिजला होता.

"मग मला कळत नाही," मॅडम म्हणाल्या. वही मांडीवर, पेन तोंडात. "कच्चं काय खाल्लंत?"

"कलिंगड."

"कापलं कशानं?"

आता, सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "कोयत्यानं."

"कोंबडा कापला तोच?"

"तोच. राखणीचा एकच कोयता असतो."

"मध्ये धुतला होतात, आजोबा?"

काय विचारायची ही रीत? सत्तर वर्षं गेली माझी, आणि कालची पोरगी मला कोयता धुवायला शिकवते. माझी आई जिवंत असताना मी न धुतलेल्या विळ्यानं कधी कांदा चिरला नाही. आणि दहा माणसं बघतायत. मी म्हणालो, "दोनदा धुतला." तिनं लिहून घेतलं. कोयता दोनदा धुतला. तिच्या वहीत आहे ते, सही शिक्क्यानिशी.

मग तिनं दुसरीकडं बघायला सुरुवात केली. खुराडा चुलीच्या भिंतीला लागून. मुलीनं पिलं कुशीत घेऊन फिरवायची, त्यांना मुके द्यायचे. मुलीला तिथूनच झालं असावं, आणि इतरांना माश्यांमुळं म्हणा, हातांमुळं म्हणा. कोंबड्या मारायला किंवा विकायला तिनं सांगितलं नाही, हे मी खरं सांगतो. म्हणाली, खुराडा लांब करा. चुना मारा. खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या. कोंबडीला, अंड्याला हात लावला की साबणानं हात धुवा. घाण लागलेली अंडी विकू नका. पिलं घरात नको. आणि निघून गेली. सांगायला सोपं असतं. साबण आम्ही आणू, पाणी कुठलं?

राजश्रीनं ते सगळं केलं. एकटीनं. माझा मुलगा सर्वेश मुंबईला, तो फोनवर म्हणत होता, "कशाला डोक्याला ताप करून घेतेस, दे विकून." ती हो म्हणायची आणि फोन ठेवून फावडं घ्यायची. खुराडा मोडून परसाच्या पार टोकाला नेला. खांब स्वतः रोवले, जांभा कुदळीला जुमानत नव्हता तरी. खालची माती वीतभर खणून लांब पुरली. चुना कालवताना हात सोलले, त्यावर खोबरेल लावून दुसऱ्या दिवशी परत चुना. हात धुवायला पाणी हवं म्हणून झऱ्यावर दोन खेपा जास्त. आणि झऱ्यावर काय, तर हिची कळशी वेगळी ठेवा. एका बाईनं हिच्या कळशीला लागलेली आपली कळशी राखेनं घासून परत रांगेत लावली. हिच्यासमोर. अंगणवाडीत आरोहीला दाराशी बसवायला लागले. नेहमीच्या गिऱ्हाइकानं अंड्यांची टोपली फाटकाबाहेर ठेवून दिली, आतली अंडीसुद्धा तशीच, आणि हाक मारली नाही.

मग बैठक. देवळाच्या पडवीत. रावजी म्हणाला, राजश्रीच्या कोंबड्या ह्या महिन्यात वाडीबाहेर गेल्या पाहिजेत, नाहीतर पुढची राखण राखणदार घ्यायचा नाही, आणि त्यानं राखण घेतली नाही तर डुकरं भात ठेवायची नाहीत. डुकरांचं नाव काढल्यावर माणसं मान हलवतात. राजश्री खांबाशी उभी होती. ती एकदाच बोलली. "माझं काय चुकलं तेवढं सांगा. ते सांगा आणि कोंबड्या न्या."

कुणी सांगेना. विठू तेवढा म्हणाला, "मला काय झालं नाय बुवा." त्याला खाली बसवला.

"आणि तुम्ही?" दीपकनं विचारलं. "तुम्ही काय बोललात आप्पा, बैठकीत?"

"माझा घसा बसला होता त्या दिवशी."

उन्हं उतरली होती. पहिली तलंग कोंबडी परसातून आली, मान पुढं काढत, जुन्या जागेवर चुलीच्या भिंतीशी गेली, तिथं खुराडा नाही म्हटल्यावर जरा थांबली आणि परसाच्या टोकाकडं चालू लागली. तिच्या मागून दोन. मग पाचसहा. राजश्रीनं टोपल्या ओळीनं मांडल्या होत्या. दीपक उठला, टेम्पोचं फाळकं खाली पाडून आला, आणि परत ओटीच्या पायरीवर टेकला. त्याच्या डोक्यात काहीतरी वळवळत होतं. टेम्पो चालवणाऱ्या माणसाला हिशोब लागला नाही की झोप येत नाही.

"पण आप्पा, मला एक कळत नाय. कोंबडा तर शिजलेला."

"शिजलेला."

"विठूनं सगळ्यात जास्त खाल्ला, त्याला काय नाय."

"मर्जी," रावजी म्हणाला.

"आणि पोरीनं कोंबडा खाल्लाच नाय, तिला झालं."

"पिलांचे मुके घ्यायची," मी म्हटलं. "मॅडमनी सांगितलंय."

"पिलांचे मुके ती आधीपण घेत असंल की. त्याच दिवशी कसं झालं? विठूनं काय नाय खाल्लं, आणि पोरीनं काय खाल्लं?"

"हे बघ," मी म्हटलं, आणि आवाज चढला माझा, कारण परक्या माणसानं गोष्ट ऐकावी, गोष्टीत हात घालू नये. "मी आधीच बोललो होतो, तुला खरं वाटायचं नाही म्हणून. कलिंगड चांगलं होतं. पूर्णगडच्या रेतीतलं होतं. आणि कोयता मी दोनदा धुतला होता. खळखळून. मूठसुद्धा चोळून धुतली. रावजी होता तिथं. काय रे?"

रावजी पायाच्या अंगठ्यानं शेण उकरत होता. "मी लाकडं आणायला गेलो होतो वाटतं तेव्हा," तो म्हणाला.

करकर केव्हाच थांबली होती. राजश्री मागीलदारातून ओटीवर आली. काखेत एक कोंबडी, पाय हाताच्या मुठीत धरलेले, पहिली टोपलीत भरायची तीच. हाताला सुतळीचे वळ, नखांत चुना. तिच्या मागं आरोही दाराची कडी धरून उभी. राजश्रीनं माझ्याकडं बघितलं नाही. वाकून तिनं कोंबडी खाली ठेवली, पाय सोडले. कोंबडीनं पंख झटकले, पायरी उतरली आणि खुराड्याकडं चालत गेली. दीपकनं तिला अडवलं नाही.

"मामंजी," राजश्री म्हणाली, "कशानं?"

"काय कशानं?"

"कॅन दरीत गेला. नारळाचं पाणी टोपात गेलं. कोयता कशानं धुतलात?"